मामाजींच्या मागावरची पुस्तकं

विणकर सोसायटीच्या साहेबांनी साडी दारातल्या उजेडात धरली. कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड उजेडासमोर काही लपवून ठेवत नाही. मध्येच गच्च, मध्येच विरळ, असे आडवे पट्टे या काठापासून त्या काठापर्यंत दिसत होते. साहेब नवीन होते, वयानं पोरगेलेच, बोलायला नम्र. साडीची घडी घालत ते मामाजींना म्हणाले, "बाबाजी, आता हात थकला तुमचा. ही साडी मी कशीबशी घेतो. पण पुढच्या साडीत असेच पट्टे निघाले, तर नवा ताणा देता येणार नाही."

मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजीच म्हणतात. ते खड्ड्यात पाय सोडून मागावर बसले होते.  त्यांनी फक्त आडव्या धाग्याचा धोटा हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

नवा ताणा न मिळणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, विणून संपत आला की त्याची टोकं कापून टाकत नाहीत. ती फणीत तशीच अडकवून ठेवतात आणि नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्या टोकाला पीळ देऊन सांधतात. त्यामुळे माग कधी रिकामा म्हणून होत नाही. मामाजींच्या वडिलांनी लावलेल्या धाग्यालाच सांधत सांधत आजचा ताणा आलेला आहे. आमच्या आळीतले बाकीचे माग एकेक करून बंद पडले. प्रत्येक घरी तेच झालं. पुढचा ताणा आला नाही, टोकं धूळ खात पडली, एक दिवस कोणीतरी कात्री लावली, खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि त्यावर फ्रीज आला.

आमच्याकडे फ्रीजला जागा आहे, पण मामाजींना दुसरी जागा नाही. माझा नवरा गेल्यापासून ते फक्त मागावर असतात, नाहीतर झोपेत. पावसाळ्यात तो गोसीखुर्दकडून मोटरसायकलनं परत येत होता. वाटेतल्या नाल्याच्या रपट्यावरून, म्हणजे बुटक्या पुलावरून, पाणी वाहत होतं आणि त्याला घरी यायची घाई होती. या विषयावर मी आणि मामाजी कधी बोललो नाही. मुलगी बपेऱ्याला दिली, घरात आम्ही दोघंच उरलो. ते विणतात, मी धोट्यासाठी धाग्याच्या कांड्या भरते, स्वयंपाक करते आणि वाचते. माग गेला तर हा माणूस टिकणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं आणि त्याची मला भीती वाटत होती.

आता वाचण्याचं सांगते. आळीत माग होते तेव्हा दुपारभर चहूकडून आडवा धागा बसवणाऱ्या फणीची ठोक ऐकू यायची आणि एकाचा हात दुसऱ्याच्या ठोकीवर चालायचा. सगळे माग बंद झाल्यावर मामाजी विणता विणता थांबायला लागले. कान देऊन बसायचे. मला ते बघवेना. तालुक्याच्या वाचनालयाची मी जुनी सभासद. एका दुपारी पुस्तक घेऊन उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले, म्हणजे घरात निदान काहीतरी आवाज राहील. तेव्हापासून ते नेमच झालं. खरं तर मला मोठ्यानं वाचायला आवडत नाही. मनात वाचताना आपण लेखकाला सांभाळून घेतो. मोठ्यानं वाचलं की त्याची सगळी लबाडी उघडी पडते.

त्या दिवशी साहेब चहा घेत होते तेवढ्यात मी ती साडी पुन्हा उलगडली. पदरापासून हात फिरवत मागे गेले आणि एका गच्च पट्ट्यावर थांबले. हा पट्टा मला ओळखीचा वाटला. रहस्यकथेतला म्हातारा इथेच विहिरीत सापडला होता! पुढे विरळ लांबलचक भाग होता, तिथे त्या रडक्या प्रेमकथेतली दोघं स्टेशनावर एकमेकांचा निरोप घेत होती आणि त्यांचा निरोप काही केल्या संपत नव्हता. त्यानंतर परत गच्च, गच्च, गच्च. ती किल्ल्याची लढाई. पट्टे थकल्या हाताचे नव्हते. मी वाचलेल्या कादंबऱ्या मामाजींच्या हातातून कापडात उतरल्या होत्या.

हे मी कोणाला सांगणार? साहेबांना सांगितलं असतं तर त्यांनी मलाच डॉक्टरकडे पाठवलं असतं. मी साडीची घडी घालून परत दिली.

वाचायचं बंद करून पाहिलं. दुसऱ्याच दिवशी मामाजी फणी धरून बसून राहिले. "काहून वं, घसा बसला का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. सकाळभर जेमतेम वीतभर कापड झालं, आणि जिथे जिथे ते थांबले होते तिथे तिथे बारीक रेघ उमटली. ते सगळं त्यांना उसवायला लावलं. मग ठरवलं, वाचायचं तर आहेच, पण हात बिघडणार नाही असं काहीतरी शोधायचं. मागावर उरलेल्या ताण्यात साडी एकच होती. चूक करायला फार जागा नव्हती.

वाचक म्हणून मी स्वतःला बरीच शहाणी समजते, पण पुस्तकांकडे असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. घोडदौडीच्या ऐतिहासिक कादंबऱ्या तर आधीच बाद. घोडे उधळले की धोटाही उधळतो. शिवाय त्या कादंबऱ्यांत कोणाला तहान लागत नाही, घोड्यालासुद्धा नाही, आणि प्रत्येक माणूस मरायच्या आधी पानभर भाषण देतो. रहस्यकथांना मी हातच लावला नाही. शहरातल्या कोणा लेखकाची गावाकडची कादंबरी होती, तिच्यात बायका ऐन दिवाळीत धानाची रोवणी करत होत्या. माझं माहेर लाखांदूरजवळ, घराच्या चारही अंगाला धान. दिवाळीला आमच्याकडे धान कापणीला येतं. मी ते वाचलं आणि मामाजी असे हसले की फणी हातातून सुटली. हसण्यानंही कापड विरळ होतं हे तेव्हा कळलं. ते पुस्तक मी चिडूनच परत केलं.

मग एक कादंबरी मिळाली, धरणाखाली गेलेल्या गावाची. गाव कुठलं ते लेखकानं सांगितलं नव्हतं, पण लिहिणाऱ्यानं पाणी चढताना पाहिलेलं असावं. सुरुवात संथ. माणसं घरं उकलतात, कौलं उतरवतात, दारांच्या चौकटी काढून बैलगाडीत घालतात. मामाजींचा हात एकसारखा चालत होता. मी निर्धास्त झाले. एका घरची चौकट मागे राहते आणि घरातला मुलगा ती आणायला परत जातो, तिथे त्या दिवसाचं वाचन थांबलं.

वाईट खोड म्हणा, पण मला पुढचं पान आधी वाचून ठेवायची सवय आहे. कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभी राहून मी ते प्रकरण वाचलं. मुलगा परत येत नाही. पाणी येतं आणि त्याला नेतं.

मी पुस्तक मिटून पिठाच्या डब्यामागे ठेवलं. लेखकाचा मला भयंकर राग आला. त्याचा काही दोष नव्हता, हेही मला कळत होतं. पण हे वाक्य मी मोठ्यानं, त्या माणसासमोर वाचणार नव्हते. साडीसाठी नाही आणि कशासाठीच नाही.

दुसऱ्या दुपारी मामाजी म्हणाले, "काढ ते पुस्तक."

"वाचनालयानं परत मागवलं, मामाजी."

"अर्ध्यातून कोणी मागते का? मंग तो पोरगा? चौकट आनाले गेला होता ना तो."

"येईल," मी म्हणाले.

त्यानंतर इतिहास आणला. मला वाटलं होतं इतिहास म्हणजे थंड काम, मेलेल्या माणसांची हकिकत, हात हलायचं कारण नाही. पहिलाच ग्रंथ राजघराण्याचा. सुरुवातीला सगळं सुरळीत. मग एका पानावर राजानं मागामागे कर बसवला आणि पुढच्याच ओळीत लेखकानं त्याला प्रजेचा बाप म्हटलं. मामाजी ताडकन बोलले, "मागावर पट्टी बसवली आन् बाप कायचा? लेहनाऱ्यानं माग पाह्यला तरी का?" आणि ठोक अशी बसली की मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. तेवढं उसवलं. दुष्काळाचा इतिहास आणला, तर पहिल्या प्रकरणातच त्यांचे हात मांडीवर आले. दूरदेशीच्या महायुद्धाचा आणला, तर त्यांना डुलकी लागली. कादंबरीकाराला निदान आपण खोटं सांगतोय हे ठाऊक असतं. इतिहासकार तुमच्या आजोबाला मारतात आणि खाली टीप देतात. माझं हे मत तेव्हा झालं आणि अजून बदललेलं नाही.

शेवटी वाचनालयाच्या खालच्या कप्प्यात जिल्ह्यातल्या तलावांचा इतिहास सापडला. कोणी घेऊन जात नसावं, पानं एकमेकांना चिकटलेली होती. कोणत्या गावचा तलाव कोणी बांधला, पाळ किती लांब, पाणी धानाच्या कोणत्या बांध्यांना जातं, गाळ कधी काढला. ना खून, ना लग्न. मी भीत भीत वाचायला सुरुवात केली. मामाजी गावाचं नाव आलं की मान हलवायचे. "तिथं माहा साडभाऊ राहे," म्हणायचे, आणि ठोक जशीच्या तशी. मी वाचता वाचता कापडाकडे बघत होते. पानामागून पान चाललं होतं आणि कापड वाढत होतं.

तरी जीव टांगणीला लागलेलाच. संध्याकाळी मामाजी हातपाय धुवायला गेले की मी झालेलं कापड खालून बोटांनी चाचपायची. रोज वाटायचं, आज सापडणार. आणि रोज जेवताना, एखादा घास घेऊन झाला की ते विचारायचे, "त्या पोराचं काय झालं असन वं?" मी भाजी वाढायची. डब्यामागे ते पुस्तक होतं आणि मला पीठ काढतानाही तिकडे बघवत नव्हतं.

पदर विणून झाला. साडी उतरवली. साहेब आले, त्यांनी ती दारातल्या उजेडात धरली. एकसुद्धा पट्टा नव्हता. साहेबांनी ती उलटी करून पाहिली, काठ पाहिला, पुन्हा उजेडात धरली. मग त्यांनी तिची घडी घातली आणि ती मामाजींसमोर खाटेवर ठेवली.

"बाबाजी, ही साडी मला घेता येणार नाही."

"काहून? पट्टा हाये का?"

"पट्टा नाही, तेच तर. मागच्या वेळी एवढे पट्टे आणि या वेळी एकही नाही? या वयात हात सुधारतो का कोणाचा?" ते कसंनुसं हसले. "राग मानू नका. बाकी ठिकाणी आम्ही पाहतो. माग दाखवायपुरता ठेवतात आणि कापड पावरलूमवरून आणतात. हातमागाचा शिक्का याला मी नाही मारू शकत."

मामाजींच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलेलं नाही, तेव्हाही ते रडले नाहीत. "म्हंजे मी चोरी केली म्हन्ता?" एवढंच बोलले, तेही हळू. मग साहेबांना दिसावं म्हणून मागावर जाऊन बसले. सांधण्यासाठी ठेवलेला थोडा ताणा फणीत शिल्लक होता. त्यावर त्यांनी धोटा मारला, ठोक दिली.

"विणता येतं हे मला माहीत आहे, बाबाजी," साहेब म्हणाले. "प्रश्न तो नाही."

माझा ताबा सुटला. "पट्टे हाताचे नव्हतेच," मी म्हणाले. "पुस्तकाचे होते."  मी काय बोलतेय ते मलाही ऐकायला वेडगळ वाटत होतं. "मी कादंबरी वाचली की यांची ठोक बदलते. या खेपेला मी इतिहास वाचला. बसा तुम्ही इथे, दाखवते."

साहेब घड्याळ पाहून बसले. मी तलावांचा इतिहास उघडला आणि वाचायला लागले. मामाजी विणायला लागले. एक तलाव संपला, दुसरा सुरू झाला. ठोक तशीच. साहेब उठून वाकून पाहून आले आणि म्हणाले, "ठीक. आता ते दुसरं वाचा."

दुसरं आणायला मी आत गेले आणि स्वयंपाकघरात उभी राहिले. बाकी सगळ्या कादंबऱ्या मी परत केल्या होत्या. घरात एकच होती. मागावर ताणाही थोडाच उरला होता, तो संपला की काही दाखवता आलं नसतं. मला साहेबांचा राग आला, सोसायटीचा आला, आणि नवऱ्याचा आला, नेहमी येतो तसा. मग मी डब्यामागे हात घातला.

मामाजींनी पुस्तकाचा पुठ्ठा ओळखला. "हे तं परत केलं होतं ना?"

"नाही, मामाजी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  मग धोटा हातात घेऊन म्हणाले, "वाच."

मी वाचलं. मुलगा ओसाड गल्लीतून जातो. पायरीला पाणी लागलेलं असतं. तो चौकट खांद्यावर घेतो, ती जड आहे, तो तिला शिवी देतो. पाणी गुडघ्याला, मग कमरेला. मी वाचत राहिले. मामाजींची ठोक तशीच होती, तलावांच्या वेळी होती तशीच. पाणी छातीला आलं. चौकट फिरली. मुलगा गेला. आणि ठोक तशीच! साहेब मागाजवळ उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहून नाही अशी मान हलवली. संपलं, मला वाटलं. हेही वाचलं आणि माग पण गेला.

थांबायचं मला सुचलं नाही म्हणून पुढची ओळ वाचली गेली. नव्या वस्तीतल्या टिनाच्या खोलीत जेवणाची वेळ झालेली असते. मुलाचा बाप ताटं मांडतो आणि सवयीनं मुलाच्या नावानं हाक मारतो, ये लवकर, भात निवतोय.

फणी आदळली. मग परत, आणि परत. माग हलला, वरची दोरी थरथरली. मामाजी खाली मान घालून ठोकत होते, मोठ्यानं श्वास घेत होते, आणि मी वाचत होते, कारण मी थांबले तर ते काय करतील याची मला भीती वाटत होती. साहेब खाली बसले. त्यांनी कापडाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. "बस करा, ताई," ते म्हणाले. "बस."

मी थांबले, मामाजीही थांबले. उरलेल्या ताण्यावर एक पट्टा आला होता, इतका गच्च की त्यातून उजेड येत नव्हता. साहेबांनी खाटेवरची साडी उचलून काखेत घेतली. दारात चपला घालताना, मामाजींकडे न बघता म्हणाले, "परवा ताणा पाठवतो, बाबाजी." चहा न घेताच ते गेले.

मामाजी खड्ड्यातून उठले नाहीत. मी जवळ जाऊन खाली बसले. माफी मागावी असं मनात होतं, पण कशाची ते नीट कळत नव्हतं. तेवढ्यात तेच म्हणाले, "त्या पुस्तकातला पोरगा सापडला का?"

"तसं लिहिलेलं नाही, मामाजी."

"आपला सापडला होता. वळखाले मीच गेलो. तुले येऊ नाई देलं मी." त्यांनी फणीवर हात ठेवला. "लोकायनं म्हतलं पानी घेऊन गेलं. तसं नाई झालं. रपट्याचा लोखंडी खांब धरून होता तो. दोन्ही हातानं. सोडवाले लय वेळ लागला."

इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावून होते. घाईत निघाला, पाणी पाहूनही गाडी घातली, आमचा विचार केला नाही, असंच मी धरून चालले होते. तो राग मी रोज नेमानं काढायची, आणि आता तो कुठे ठेवावा ते मला कळेना.

"कोणत्या बाजूचा खांब, मामाजी?" मी विचारलं.

"आपल्या गावाकडल्या," ते म्हणाले.